एंटर नेमका कोणाचा? व्हीएस कोडमधले पॉपअप, पॅनेल आणि शॉर्टकट

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये नावं सुचवणाऱ्या आणि माहिती दाखवणाऱ्या चौकटी, म्हणजे पॉपअप, आपोआप उघडतात. त्यांना वैतागून बरेच जण ते सरसकट बंद करतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा चालू करतात, कारण लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) नावं कोण पाठ ठेवणार? चौकट डोळ्यांसमोर आली म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तिने आपलं एंटर, टॅब किंवा एस्केप स्वतःकडे घेतल्यावर. म्हणून पॉपअप राहू द्या, त्याच्या हातातली बटणं तेवढी काढून घ्या.

सुरुवात एंटरपासून. ओळ संपवून एंटर दाबलं, नवी ओळ यायच्या ऐवजी यादीतलं पहिलं नाव कोडमध्ये घुसलं, हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सेटिंग्ज उघडा (कंट्रोल आणि स्वल्पविराम) आणि ‘ॲक्सेप्ट सजेशन ऑन एंटर’ शोधा. तिथे तीन पर्याय आहेत: ऑन, स्मार्ट, ऑफ. स्मार्टमध्ये सूचना स्वीकारल्याने मजकूर खरोखर बदलणार असेल तरच एंटर ती स्वीकारतो. ऐकायला छान, पण अर्धवट लिहिलेलं नाव मुद्दाम तसंच ठेवायचं असेल तेव्हा फसवतो. ऑफ सगळ्यांत बरा: एंटर म्हणजे नवी ओळ, सूचना घ्यायची तर टॅब. बोटांना याची सवय लवकर होते.

एवढं करूनही जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्ये नको ते नाव घुसत असेल, तर दोष एंटरचा नाही. टिंब, अर्धविराम किंवा उघडणारा कंस दाबल्यावरही निवडलेली सूचना स्वीकारली जाते. त्याची सेटिंग वेगळी आहे, ‘ॲक्सेप्ट सजेशन ऑन कमिट कॅरॅक्टर’. ती बंद करा. सगळीकडे बंद नको असेल तर सेटिंग्जच्या जेसॉन फाइलमध्ये (जिथे सेटिंग्ज मजकूर म्हणून लिहितात) त्या भाषेच्या नावाचा चौकोनी कंसाचा गट करून त्यातच लिहा.

आता टॅब. एआयची करड्या रंगातली सूचना टॅबनेच स्वीकारतात आणि यादीतली सूचनाही टॅबनेच. दोन्ही एकाच वेळी समोर आल्या की टॅब कुणाच्या वाट्याला जाईल याचा अंदाज चुकतो. ‘इनलाइन सजेस्ट: सप्रेस सजेशन्स’ चालू केलं की करडी सूचना हजर असताना यादी आपणहून उघडत नाही, हवी असेल तर कंट्रोल-स्पेस दाबून मागवायची. करड्या सूचनेतला एखादाच शब्द हवा असेल तर कंट्रोल आणि उजवा बाण, मॅकवर कमांड आणि उजवा बाण. हे फार कमी जण वापरतात, आणि अख्खी ओळ स्वीकारून मग निम्मी खोडत बसतात.

कंट्रोल-स्पेसची मॅकवर एक वेगळीच गोम आहे. देवनागरी कीबोर्ड जोडलेला असेल तर तीच जोडी मॅकओएस भाषा बदलायला वापरतं. यादी उघडत नाही आणि पुढचं अक्षर मराठीत उमटतं. सिस्टिमच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये जाऊन ‘इनपुट सोर्सेस’खालची ती जोडी बदला, किंवा ऑप्शन-एस्केप वापरा; व्हीएस कोडमध्ये तेही आधीपासून जोडलेलं असतं. विंडोजवर ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्ड असणाऱ्यांनी कंट्रोल-ऑल्ट-४ वर काही बसवू नये. ते रुपयाचं चिन्ह आहे. एकंदरीतच विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट मिळून उजव्या ऑल्टचं काम होतं, त्यामुळे अशा जोड्या जपून निवडा.

माउस नुसता वरून गेला तरी उघडणारी माहितीची चौकट हा तुलनेने सोपा विषय. ‘होव्हर: डिले’ मुळात ३०० मिलिसेकंद असतो, तो ८०० केला की वाटेत येणं बहुतेक थांबतं. चौकट वरच्या ओळी झाकत असेल तर ‘होव्हर: अबव्ह’ काढून टाका, ती जागा असेल तिथे खाली उघडेल. माउसशिवाय हवी असेल तर कंट्रोल-के, मग कंट्रोल-आय. हेच पुन्हा केलं की फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, चौकटीत जातो आणि बाणांनी लांबलचक माहिती सरकवता येते.

पॅनेलची, म्हणजे टर्मिनल वगैरे उघडतात त्या पट्ट्याची, तक्रार बहुधा अशी असते: बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचं काम) चालवलं की टर्मिनल (कमांड टाइप करायची चौकट) उसळून वर येतं. अशा ठरवून ठेवलेल्या कामांच्या, म्हणजे टास्कच्या, जेसॉन फाइलमध्ये ‘प्रेझेंटेशन’खाली ‘रिव्हील’ असतं. तिथे ‘सायलेंट’ लिहा असं जागोजागी सांगितलेलं सापडेल, पण त्या टास्कला प्रॉब्लेम मॅचर (आउटपुटमधल्या चुका ओळखणारा नियम) जोडलेला नसेल तर सायलेंट असूनही टर्मिनल पुढे येऊ शकतं. त्यापेक्षा मॅचर जोडा, रिव्हील ‘नेव्हर’ ठेवा आणि ‘रिव्हील प्रॉब्लेम्स’ला ‘ऑन प्रॉब्लेम’ द्या. मग बिल्ड मुकाट चालतं आणि चूक सापडली तरच प्रॉब्लेम्सचा पॅनेल उघडतो. डीबग कन्सोलचं (चुका शोधताना उघडणाऱ्या चौकटीचं) वागणं मात्र इथून बदलत नाही, त्यासाठी ‘इंटर्नल कन्सोल ऑप्शन्स’ ही डीबगची सेटिंग आहे.

पॅनेल उजवीकडे न्यायचा असेल तर ‘पॅनेल: डिफॉल्ट लोकेशन’ बदलून काहीच झालं नाही असं वाटू शकतं. ती सेटिंग नव्या वर्कस्पेससाठी, म्हणजे नव्याने उघडलेल्या प्रोजेक्टसाठी, आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये कमांड पॅलेटमधून (नावाने कमांड शोधून चालवायच्या यादीतून) पॅनेल हलवावा लागतो. ओढाओढीत एखादा व्ह्यू हरवलाच तर ‘रीसेट व्ह्यू लोकेशन्स’.

एडिटर आणि टर्मिनल यांच्यात एकाच बटणाने ये-जा करता येते आणि त्यात शॉर्टकटचं सगळं व्याकरण येऊन जातं. कीबाइंडिंग्जच्या जेसॉन फाइलमध्ये एकाच जोडीचे दोन नियम लिहायचे. पहिल्यात टर्मिनलवर फोकस नेणारी कमांड, कोणतीही अट नाही. त्याखाली दुसरा: चालू एडिटर गटावर फोकस आणणारी कमांड, अट ‘टर्मिनलफोकस’. क्रम उलटा केला तर चालणार नाही, कारण नियम खालून वर तपासले जातात आणि जुळणारा पहिला नियम जिंकतो. मूळचा एखादा शॉर्टकट काढायचा असेल तर त्याच कमांडच्या नावापुढे वजा चिन्ह लावून नियम लिहितात.

टर्मिनलमध्ये असताना शॉर्टकट आधी व्हीएस कोडला मिळतो की शेलला (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला), हे ‘कमांड्स टू स्किप शेल’ या यादीवर ठरतं. आपली कमांड तिथे नसेल तर बटणं सरळ शेलकडे जातात आणि एडिटर ढिम्म राहतो. बॅश या शेलमध्ये कंट्रोल-के दाबून ओळीचा उरलेला भाग पुसणाऱ्यांना उलटा त्रास होतो: व्हीएस कोड दुसऱ्या बटणाची वाट बघत बसतो. ‘अलाऊ कॉर्ड्स’ (दोन टप्प्यांत दाबायचे शॉर्टकट) बंद केलं की कंट्रोल-के शेलला मिळतं.

शॉर्टकट चालत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. कमांड पॅलेटमधून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालवा आणि ती जोडी दाबा. आउटपुटमध्ये कोणतं बटण पोचलं, कोणता नियम जुळला, सगळं उमटतं. काहीच उमटलं नाही तर ती जोडी ऑपरेटिंग सिस्टिमने किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमने वाटेतच उचलली आहे, आणि व्हीएस कोडमध्ये कितीही नियम लिहिले तरी उपयोग नाही. बटण पोचतं पण नियम जुळत नाही, असं असेल तर अट चुकली आहे. ‘इन्स्पेक्ट कॉन्टेक्स्ट कीज’ चालवून ज्या भागावर क्लिक कराल तिथे त्या क्षणी कोणत्या अटी खऱ्या आहेत, ते डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये दिसतं.

रंग आणि कडा बदलायच्या असतील तर ‘कलर कस्टमायझेशन्स’मध्ये सजेस्ट विजेट आणि होव्हर विजेटची पार्श्वभूमी, कडा, निवडलेल्या ओळीचा रंग असं सगळं मिळतं. थीमचं नाव चौकोनी कंसात देऊन त्यात लिहिलं तर थीम बदलल्यावर विचित्र रंग मागे उरत नाहीत. यादीतली अक्षरं मोठी करायला ‘सजेस्ट फॉन्ट साइझ’. याहून पुढे जाऊन एडिटरच्या आतल्या फाइलींमध्ये सीएसएस (दिसणं ठरवणारा कोड) घुसवणारी एक्स्टेन्शन्स आहेत, पण ती वापरली की इन्स्टॉलेशन बिघडल्याचा इशारा येतो आणि प्रत्येक अपडेटला बदल पुसले जातात. गोलसर कोपऱ्यांसाठी एवढी किंमत मोजू नये.

सेटिंग्ज सिंक (सगळ्या संगणकांवर सेटिंग्ज सारख्या ठेवणारी सोय) वापरत असाल तर विंडोजवर बसवलेले शॉर्टकट मॅकवर आले नाहीत म्हणून घाबरू नका. शॉर्टकट मुळात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळे साठवले जातात, आणि कंट्रोल-कमांडचा फरक बघता ते तसंच राहू द्यावं.