नाना आणि तक्सिनचा घोडा

टूर मॅनेजरला हरवलेल्या पासपोर्टपेक्षा धास्ती असते ती माहितगार प्रवाशाची. डिसेंबरच्या त्या बँकॉक ग्रुपमध्ये असे दोघे होते. एक निवृत्त गुरुजी आणि दुसरे खानदेशातले नाना. नानांकडे पिढीजात घोडे. ऐन सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या महिन्यात मुलाने विमानात बसवलं म्हणून घुश्श्यातच होते.

वाट अरुण मंदिर आटोपून निघालो आणि थोनबुरीच्या वोंगविआन याई चौकात बस अडकली. तारीख 28 डिसेंबर. 1767 साली याच दिवशी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, तक्सिन राजाचा राज्याभिषेक झाला, म्हणून त्याच्या अश्वारूढ पुतळ्याला दरवर्षी या दिवशी पुष्पचक्रं वाहतात. अगरबत्त्यांचा धूर, माणसांची रीघ. कार्यक्रमात नव्हतं, तरी म्हटलं, उतरा.

गुरुजींनी लगेच सुरुवात केली. "घोड्याचे चारही पाय जमिनीवर. म्हणजे राजा अंथरुणात गेला." आपल्याकडे प्रत्येक पुतळ्याखाली हे सांगणारा एक तरी असतोच. मी ते थाई गाइडला सांगितलं, तर तो चपापलाच. म्हणाला, ब्रह्मी फौजेने राजधानीचं अयुथ्या जाळलं, तेव्हा या तक्सिनने चंथाबुरीला माणसं जमवली आणि त्याच वर्षी ते परत घेतलं. थोनबुरीला राजधानी केली. आणि 1782 मध्ये त्यालाच मृत्युदंड झाला. गुरुजी पाण्याची बाटली उघडायला लागले.

तेवढ्यात कोणीतरी उचललेल्या शेपटीकडे बोट दाखवून फिदीफिदी हसलं. नाना तोवर चौथऱ्याभोवती फेरी मारून आले होते. "हसताय काय? शेपूट मुळापासून उचललीय, कान टवकारलेत. घोडं बिथरलेलं नाही, ताई. नुसती टाच लागायची खोटी, की सुटलंच! ज्याने केलंय त्याने घोडं जवळून पाहिलंय."

ज्याने केलंय तो फ्लॉरेन्सचा कोर्राडो फेरोची. 1923 साली सयामला आला आणि शिल्प भीरश्री या नावाने तिथलाच झाला. पुतळ्याचं अनावरण 1954 चं. एवढं मी दरवेळी बसच्या माइकवर घडाघडा सांगते. शेपटीकडे मात्र कधी लक्ष गेलं नव्हतं.

"घोड्याची जात कुठली?" नानांनी विचारलं. गाइडने दोन फोन लावले. कोणालाच सांगता येईना. "मारवाडी नाही," नानांनीच निकाल दिला, "कानाची टोकं जुळत नाहीत."

जेवायला तासभर उशीर झाला. ऑफिसला मी ट्रॅफिकचं कारण कळवलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.