मोडलेल्या घड्या : आमची वाटचाल

बारावी झाली आणि मी बार्शीतल्या एका कापड दुकानात गादीवर बसलो. दुकान दुसऱ्याचं. पहिले सहा महिने गिऱ्हाइकाशी बोलायचंही नव्हतं. नुसत्या घड्या घालायच्या, सकाळी नऊपासून दुकान वाढवेपर्यंत. 2009 साली बायकोचे दागिने गहाण ठेवून स्वतःचा गाळा घेतला. आता मी गल्ल्यावर बसतो, पण नजर अजून घडीवरच जाते.

साडेपाच मीटर साडी आणि त्याला पाऊण-एक मीटरचा ब्लाउजपीस. दोघांनी दोन टोकं धरायची, काठाला काठ लावायचा, पदर वर दिसेल असा ठेवायचा, तळहातानं हवा काढायची. सिंथेटिक साडी हातातून निसटते. येवल्याची पैठणी उलगडताना तर जीव मुठीत असतो, कारण जरीची तार एकदा घडीवर मोडली की ती रेघ जात नाही. एका साडीला दोन-तीन मिनिटं लागतातच. वैराग, परांडा, भूमहून जीप भरून माणसं बस्त्याला येतात आणि पन्नास साड्या सहज उलगडल्या जातात. ती माणसं गेल्यावर आमच्या दुकानातल्या मुली दोन तास घड्या घालत असतात.

बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लागतं ते वेगळं. ‘दाखवा हो, पैशाचं नंतर बघू’ म्हणत तासभर सिल्क बघायचं आणि शेवटी ‘दीड हजारात काय आहे?’ विचारायचं. ताई, दीड हजारातल्या चांगल्या साड्या मी पहिल्या मिनिटाला काढल्या असत्या! कमी पैसे असण्यात लाज कसली? आमच्या घरची लग्नंही त्याच बजेटात झाली. म्हणून आता आमच्याकडे आधी पाणी देतात आणि मग हळूच विचारतात, ‘आहेराची की नवरीची? किती नगांची?’ या एका प्रश्नानं निम्म्या घड्या वाचल्या.

सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग लग्नसराईतला. एक बाई सिल्कची साडी परत घेऊन आल्या. ‘एकदाही नेसले नाही.’ काउंटरवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं साडी उलगडली. खालच्या काठाला फॉल उसवल्याची सुईची भोकं, निऱ्यांच्या जागी बोटभर हळदीचा डाग, कापडाला अत्तराचा वास. तिनं डाग दाखवला तर बाई म्हणाल्या, ‘तूच लावला असशील.’ पोरगी आत खोक्यांच्या मागे जाऊन रडली. मी साडी परत घेतली नाही. त्या घरातलं कुणी आजही आमच्याकडे येत नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

पण चूक आमचीही होती. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी वर्षानुवर्षं आमच्याकडे टांगलेली होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाटी काढली. आता बिल करताना साडी गिऱ्हाइकासमोर पदरापासून शेवटच्या टोकापर्यंत ट्यूबखाली तपासतो. विणीत दोष निघाला तर माल आमचा. आवड बदलली तर आठ दिवसांत बदलून देतो, पण फॉल-पिको झालेला नसावा आणि बिल हवं.

काउंटरमागे स्टुलंही ठेवली. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांच्या बसण्याची सोय कायद्यानं सक्तीची केली, तेव्हा वाटलं, आपण का थांबायचं? मुलगी बसलेली दिसली की काही जण ‘ए, उठून दाखव’ म्हणतात. अशा वेळी मी गल्ल्यावरून उठतो आणि स्वतः साड्या दाखवायला जातो.

मागच्या दिवाळीत वैरागच्या एक आजी आल्या. अकरा साड्या बघितल्या, एकही पटली नाही. मुलगी एकटीच घडी घालताना दिसली, तशी आजींनी पिशवी खाली ठेवली. ‘धर गं पोरी ते टोक’ म्हणाल्या आणि अकराच्या अकरा साड्यांच्या घड्या घालूनच एसटीला गेल्या.