मांडूच्या गोरखचिंचेखाली एक रात्र

आईचं लहानपण मध्य प्रदेशातल्या धारला गेलं. शाळेबाहेर एक बाई टोपलीत मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंचेचं (बाओबाबचं) फळ, घेऊन बसायची, दोन पैशांना मूठभर मिळायची, हे आम्ही भावंडं ऐकतच मोठे झालो. पण ते झाड आईने जवळून कधी पाहिलंच नव्हतं. तिला पंचाहत्तरावं लागलं तेव्हा ठरवलं, डिसेंबरच्या सुट्टीत मांडूला जायचं आणि तंबूत राहायचं.

शनिवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतून पोहे बांधून घेऊन निघालो. धारवरून शंभरेक किलोमीटर. धार मागे पडलं की माळव्याचं सपाट रान संपत जातं, काकडाखोहची दरी येते आणि आलमगीर दरवाजा ओलांडला की आपण विंध्याच्या पठारावर, ६०० मीटरच्या वर. जहाज महाल, रूपमतीचा मंडप पाहिला. सुंदरच आहेत, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिली गोरखचिंच रस्त्याच्या वळणावरच दिसली. पानं सगळी गळलेली, फांद्या खोडाच्या मानाने आखूड, जणू मुळंच वर आभाळाकडे केलीत. आम्ही सहा जण हात धरून खोडाभोवती उभे राहिलो, तरी मधे वावभर जागा उरली! साल राखाडी, मेण ओघळून थिजावं तशा तिच्या घड्या. लाकूड मऊ असतं आणि पावसाळ्याचं पाणी साठवून ठेवतं, म्हणून या काळ्या खडकावर उन्हाळे निघतात. कुणीकुणी चाकूने नावं कोरली होती. अक्षरं खोडाबरोबर फुगून रुंद झालेली. फार वाईट वाटलं. आईने त्यांवरून हात फिरवला, बोलली काहीच नाही.

इथे हिला खुरासानी इमली म्हणतात. खुरासान इराणकडचं, झाड मात्र मूळचं आफ्रिकेतलं. भाच्याने विचारलं, "मामा, किती वर्षांचं असेल?" या झाडाची वर्तुळं मोजून वय नीट लागत नाही, कार्बनची कसोटी लावावी लागते. आफ्रिकेत हजार वर्षांच्या पुढची सापडली आहेत, एवढं मी त्याला सांगितलं.

ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधाशेजारी तंबू ठोकू दिले. ठोकायचे कसले, अर्ध्या वितीवर खडक लागला! खुंट्या वाकल्या, शेवटी दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. जेवायला त्यांच्याच घरचे दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि मक्याच्या पिठाचे रोट, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले, वर तूप. थंडी कडाक्याची होती. रात्री तंबूची चेन उघडली तर समोर चांदण्यात ते झाड, आणि लांब देठांवर लोंबणारी फळं वाऱ्याने हळू हलत होती. आई आधीच शाल पांघरून बाहेर बसली होती. मीही जाऊन बसलो.

सकाळी जामा मशिदीजवळून एक फळ घेतलं. वीतभर लांब, वरून हिरवट मखमल. दगडावर फोडलं तर आत तांबूस तंतूंत गुरफटलेले पांढरे, कोरडे गर, बत्ताशासारखे ठिसूळ, आणि प्रत्येकात एक काळी बी. पोरांनी चाखून तोंडं वाकडी केली. आईने एक तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ चघळत राहिली.

"अजून दोन घे रे," म्हणाली. "एक धारला मैत्रिणीकडे द्यायचंय."

परतताना धारला थांबलो.