सहा नंबरचा व्हेंटिलेटर

25 आठवड्यांतच जन्मलेलं बाळ, वजन 680 ग्रॅम. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबची पट्टीसुद्धा त्याच्या पावलाला मोठी व्हायची, मी कात्रीने अर्धी करून लावायचे. पहिल्या दिवशी सर्फॅक्टंट हे फुप्फुसं उघडायचं औषध दिलं, ती जरा उघडली. पाचव्या दिवशी टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी करताना आमचा रेसिडेंट बोलता बोलता गप्प झाला. चौथ्या ग्रेडचा रक्तस्राव, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातही उतरलेला. त्या रात्री फिट्स सुरू झाल्या.

सकाळी राउंड संपल्यावर आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना स्टोअरशेजारच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या चार, माणसं आठ. तेवढ्यात लेबर रूमचा फोन आला. 28 आठवड्यांची गरोदर बाई आहे, कळा थांबत नाहीत, व्हेंटिलेटर रिकामा आहे का? नव्हता. मी आत येऊन निरोप सांगितला, तर मॅडम ताडकन म्हणाल्या, "ते बाळ वेगळं. या खोलीत त्याचा विषय काढायचा नाही."

बरोबरच होतं. पण कानावर पडलेलं पुसायचं कसं?

रेसिडेंट म्हणत होता, अजून चार दिवस बघू. मी म्हणाले, टोचायला शीर उरलेली नाही, आणि रोज टोचते मी. बोलून गेले आणि मग मलाच शंका आली, हे मी या बाळासाठी बोलले की फोनवरच्या? आजही सांगता येत नाही. हाउसमनने, म्हणजे ज्युनियर डॉक्टरने, विचारलं, व्हेंटिलेटर काढता येतो का? मॅडम म्हणाल्या, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये वाट दिली, 2023 मध्ये ती सोपी केली, तरी दोन वेगवेगळ्या वैद्यकीय मंडळांची संमती लागते. कागद आजच करायला घेऊ. पण आधी आईवडिलांशी बोलायचं.

वडील दादरच्या फूलबाजारातून थेट आले होते, नखांत झेंडूचा पिवळेपणा. आई वर पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, सिझरचे टाके ताजे. आजी हात जोडून म्हणाली, "सुनेला एवढ्यात सांगू नका." मॅडम म्हणाल्या, "आजी, सही कोणीही करा, पण तिला विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही."

व्हीलचेअरवरून तिला खाली आणलं. मॅडमनी सगळं सांगितलं, 'कदाचित' हा शब्द फार वेळा न वापरता. हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, एवढ्याला तिने मान हलवली. मग विचारलं, "नळी असताना जवळ घेता येईल?"

घेता येतं, पण सोपं नसतं. मी ट्यूब धरली, रेसिडेंटने सर्किट, दुसऱ्या सिस्टरने बाळ. वडिलांनी कोपरापर्यंत हात दोनदा धुतले, तरी बाळाला बोट लावायला बिचकत होते. तिने उघड्या छातीवर घेतल्यावर सॅच्युरेशन थोडं वर आलं. मॉनिटरचा आवाज मी बंद केला.

संध्याकाळी पावणेसातला ते तिथेच गेलं. मंडळाचे कागद अर्धे भरून टेबलावर पडले होते.

28 आठवड्यांचं बाळ दुपारीच जन्मलं होतं. जोरात रडलं म्हणे, सीपॅपवर, म्हणजे घशात नळी न घालता श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर, निभावलं. जाण्याआधी मी सहा नंबरचा व्हेंटिलेटर पुसला, सर्किट बदललं, वर कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले, तेव्हा ते कापड तसंच होतं.