लॅगिंगच्या पोराला आधी मार्किंग शिकवा

मार्चच्या आसपास गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत ओव्हरहॉलिंग निघतं आणि त्यासोबत स्टीम लाइनचं लॅगिंगही, म्हणजे उष्णता टिकावी म्हणून पाइपवर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) गुंडाळून वरून पत्रा चढवणं. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम भरपूर आहे, पण नव्या पोराच्या वाट्याला बहुधा रॉकवूलचे गठ्ठे वाहणंच येतं. युनियनने ट्रेनिंगबाबत एकच गोष्ट लावून धरायची असेल, तर ही: पहिल्या महिन्यापासून त्याच्या हातात टेप, डिव्हायडर आणि कातर द्या आणि मार्किंग, म्हणजे पत्र्यावर मापं आखणं, शिकवा.

हिशेब अवघड नाही. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी. त्यावर ५० मिमी रॉकवूल चढलं की २१४.३. परीघ ६७३, लॅपचे (एक कड दुसरीवर चढते त्याचे) ५० मिळवले की पत्रा ७२३ मिमी. तरी कापण्याआधी गुंडाळलेल्या रॉकवूलवर टेप फिरवायचाच. जीआय तार करकचून आवळली की ५० चे ४० होतात आणि नेमकी तिथूनच उष्णता निघून जाते.

खरी परीक्षा एल्बोवर, म्हणजे पाइपच्या काटकोनी वळणावर. याच पाइपच्या लाँग रेडियस बेंडला (मोठ्या त्रिज्येच्या वळणाला) लॅगिंगसकट पाठीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला, सुमारे ४०८ मिमी आणि पोटाकडे, म्हणजे आतल्या बाजूला, जेमतेम ७१ मिमी लांबी भरते. मधे पत्र्याचे चार पूर्ण तुकडे आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा असं पाडलं, तर पूर्ण तुकडा पाठीला ८२, पोटाला १४ मिमी येतो. बीडिंगचा (कडेला उठवलेल्या गोल वळीचा) लॅप वेगळा. पोटाचं माप चुकलं तर तिथे फट राहते, आणि ती सिलंटने बुजवणं म्हणजे काम झालं असं मी मानत नाही.

आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस ही फट बरोबर शोधतो. आत भिजलेलं रॉकवूल उष्णता अडवत नाही आणि पत्र्याखाली पाइप गंजतो, तो बाहेरून दिसतही नाही. म्हणून आडव्या लाइनचा लॅप घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या जागी, तोंड खाली. उभ्या लाइनला पत्रा खालून चढवत न्यायचा, वरचा खालच्यावर. हायड्रो टेस्टआधी, म्हणजे पाण्याच्या दाबाने गळती तपासण्याआधी, वेल्ड झाकायचा नाही.

दूध संघाच्या थंड लाइनवर मात्र पत्रा स्क्रूने पक्का करायची सवय मोडावी लागते. स्क्रू व्हेपर बॅरियरला (बाष्प अडवणाऱ्या थराला) भोक पाडतो, दमट हवा आत जाते आणि पाइपवर बर्फ धरतो. तिथे पत्रा आवळायला पट्ट्याच. क्लॅम्पखाली लाकडी ब्लॉक हवा, नाहीतर सपोर्टवरून पाणी ठिबकतं.

कायद्याचं थोडं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस म्हणून घेतलेला पोरगा कामगार धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो. पण सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू आहेत, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही. अप्रेंटिसशिपचा करार नोंदवलेला आहे का, हे युनियनच्या प्रतिनिधीने स्वतः पाहावं. शिकवण्याऐवजी वर्षभर गठ्ठेच उचलायला लावले, तर त्या कराराचा वाद सल्लागारापुढेच नेता येतो.