एस्टीमचा पीसीव्ही आणि टपेट कव्हरखालची काकवी

१२ जुलै, मीटर १,१८,३४०

सकाळी ऑइल कॅप फिरवून काढली तर आतून फिकट पिवळी साय धरलेली. गेला महिनाभर गाडीचं फिरणं म्हणजे शाहूपुरीतून राजवाडा, तिथून पोवई नाका आणि परत घर. एका दमात तीन किलोमीटरसुद्धा नाही, वरून साताऱ्याचा पाऊस. इंजिन पुरतं तापायच्या आत चावी बंद.

साय दिसली की पहिली शंका हेड गॅस्केटची येते, ते फाटलं की कूलंट ऑइलमध्ये शिरतं. कूलंटच्या बाटलीवर मी जूनमध्ये मार्करने रेघ मारून ठेवली होती, पाणी अजून त्याच रेघेवर आहे. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ तपकिरी, दुधाळ नाही. म्हणजे आत कूलंट शिरत नाही, वाफेचंच पाणी साचतंय. पण साय पुसल्यावर खाली जे दिसलं त्याने बेचैन झालो. कॅपच्या कडेला काळा, चिकट थर होता. कढईच्या काठाला काकवी आटून चिकटते ना, अगदी तसा. नखाने खरवडावा लागला. शिवाय क्रँक पुलीच्या मागे ऑइल पाझरलेलं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा आहे आणि ऑइल लागून रबर फुगलं की बेल्टचा भरवसा राहत नाही. आबांनी ही २००३ची गाडी वीस वर्षं जपली. माझ्या हातात येऊन ती अशी घामेजलेली बरी दिसत नाही.

१३ जुलै

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या पेटीत, उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात. हा वायू ओढून पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, जाळायला पाठवणं हे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हचं काम. दुसऱ्या बाजूने एअर फिल्टरकडून ताजी हवा आत येते, म्हणजे चेंबरमधून सतत एक झुळूक वाहत राहते. झुळूक थांबली की पाणी, पेट्रोलचा अंश आणि काजळी ऑइलमध्येच मुरतात, त्याचा साका होतो. दाब वाढतो तो वेगळाच, आणि मग ऑइल सीलमधून वाट काढतं. माझी दोन्ही लक्षणं एकाच ठिकाणी बोट दाखवत होती.

नुसत्या अंदाजावर पार्ट बदलायचा नव्हता. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप दोन मीटर घेतला, यू आकारात पाटीवर बांधला, निम्मा पाण्याने भरला. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर एक टोक घट्ट बसवलं आणि इंजिन गरम करून सुरू ठेवलं. पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं. आयडलला, म्हणजे रेस न देता, दोन्ही बाजूंत दोन सेंटिमीटरचा फरक, रेस देऊन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेलं तर जवळपास पाच. चेंबरमध्ये उलटा दाब आहे हे डोळ्यांनी दिसलं. ही चाचणी कुणी केलीच तर ताज्या हवेचा पाइप चिमटू नका. व्हॉल्व्ह चांगला असेल तर ओढ एवढी वाढते की पाणी इंजिनात जाईल.

नंतर व्हॉल्व्ह ओढून काढला. कानाशी धरून हलवला की आतला प्लंजर खुळखुळायला हवा. माझा मुका. कार्ब क्लीनर मारून पाहिलं, काळं पाणी निघालं, एकदा टक्क झालं आणि पुन्हा अडकला. आयडलला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते तेव्हा प्लंजर ओढला जाऊन वाट अरुंद करतो. रस्त्यावर ओढ कमी झाली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते, वाट मोठी होते. बॅकफायर झालाच तर तोच वाट बंद करतो, म्हणजे ज्वाळ चेंबरपर्यंत पोचत नाही. एवढं काम करणारी वस्तू अंगठ्याएवढी आहे, आणि सर्व्हिसच्या एकाही बिलावर तिचं नाव मला सापडलं नाही.

१९ जुलै

पहिल्या दुकानात जो व्हॉल्व्ह मिळाला तो दिसायला सारखा, बसलाही नीट. पण आयडल साडेआठशेवरून अकराशेला गेला आणि खाली येईना. दुसऱ्या इंजिनाचा होता. प्रत्येक इंजिनाला किती वायू ओढायचा याचं माप ठरलेलं असतं, ते आतल्या भोकात आणि स्प्रिंगमध्ये असतं, बाहेरून कळत नाही. नुसतं ‘बसतो ना?’ पाहून घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा. दुसरा मागवला, चार दिवस गेले.

२४ जुलै

बरोबर नंबरचा व्हॉल्व्ह बसवला. नवा प्लंजर छान वाजतो. पाइपही नवा टाकला. जुना बोटाने दाबला तर कुजक्या वांग्यासारखा दबत होता, आतलं अस्तर सुटलेलं. तिथे साधा पाण्याचा पाइप लावू नका, ऑइल सोसणाराच हवा.

लेव्हल पाइप लावला आणि पाणी तसंच बाहेरच्या बाजूला. फरक दोनवरून दीडवर आला इतकाच.

रात्रभर झोप नाही. रिंगा गेल्या असतील तर इंजिन उघडावं लागणार, हाच विचार.

२५ जुलै

कारण सापडलं. व्हॉल्व्हच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये जाणारं तोंड कार्बनने भरलं होतं, सुई जाईल एवढंच भोक उरलेलं. इंजिन थंड असताना तारेने आणि छोट्या ब्रशने हळूहळू मोकळं केलं. प्रत्येक वेळी खरवड व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतली, आत पडू दिली नाही. दोन तास लागले. मग फिल्टरकडून ताजी हवा आणणारा पाइप काढला, त्याच्या तोंडाशीही काळं लोणी. तोही धुतला.

परत चाचणी. आयडलला पाणी बाहेरच्या बाजूने खाली गेलं आणि इंजिनाच्या बाजूने एक सेंटिमीटर वर चढलं. रेस दिली तरी तिकडेच. मी पाटी भिंतीला टेकवली आणि घरातून आबांना बोलावून आणलं. ऑइल कॅप काढून तोंडावर कागद धरला तर आधी फडफडून उडायचा, आता चिकटून बसला.

म्हणून माझं ठाम मत आहे की नुसता व्हॉल्व्ह बदलणं हे अर्धं काम. व्हॉल्व्ह, पाइप, मॅनिफोल्डचं तोंड आणि ताज्या हवेची वाट, चारही तपासा.

२ ऑगस्ट

आता साचलेला साका काढायचा होता. चेंबर उतरवायला सायलेन्सरचा पाइप हलवावा लागतो, म्हणून गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडे खड्ड्यावर नेली. ते म्हणाले, “दादा, कशाला डोक्याला ताप? मॅनिफोल्डचं भोक बंद करू, ब्रीदरचा पाइप खाली सोडू. दहा मिनटाचं काम.”

ब्रीदर म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी नळी. हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, म्हणून जरा थांबून लिहितो. पूर्वी गाड्यांना असाच खाली लोंबणारा पाइप असायचा. गाडी पळत असेल तेव्हा वाऱ्याने त्याला थोडी ओढ मिळायची. गाडी उभी किंवा हळू असली की वाफ आतच. शिवाय सगळा धूर थेट रस्त्यावर. म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून पीसीव्ही आला आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबणाऱ्या गाडीचा ब्रीदर खाली सोडला तर दाब निघेल, पण ओल आणि आम्ल ऑइलमध्येच राहणार. मिस्त्रींना मी लेव्हल पाइप लावून दाखवला. ते दोन मिनिटं पाण्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “ओढतंय की खरंच.” पुढे हा विषय त्यांनी काढला नाही.

चेंबर खाली आला. तळाला बोटभर जाड साका, ऑइल पंपाच्या जाळीचा निम्मा भाग झाकलेला. इंजिन फ्लश, म्हणजे साका विरघळवणारं रसायन, न वापरण्याचं कारण हेच. जुना साका एकदम सुटला तर उरलेली जाळीही बुजते आणि बेअरिंगना ऑइल मिळत नाही. जाळी रॉकेलने धुतली, चेंबर लाकडी पट्टीने खरवडला, क्रँकचं सील नवं बसवलं. बेल्ट पाहिला, सुदैवाने कोरडा होता. नवं ऑइल, नवा फिल्टर. हे ऑइल दोन हजार किलोमीटरलाच सोडणार, उरलेला मळ त्याने हळूहळू धुऊन आणावा म्हणून.

१० ऑगस्ट

कराडला जाऊन आलो, येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर. शेंद्रे, नागठाणे, उंब्रज, कुठेही घाई न करता. साय जायला हेच औषध. तासभर ऑइल चांगलं तापलं की पाण्याची वाफ होते आणि आता ती ओढून न्यायला झुळूक आहे. परत आल्यावर कॅप उघडली, आतून फक्त ऑइलची चकाकी. आता दर रविवारी एकदा तरी हायवेला न्यायची, असं घरात ठरलंय. आई म्हणते सज्जनगडही चालेल.

२१ सप्टेंबर, मीटर १,२०,३६०

ऑइल सोडलं. डांबरासारखं काळं, पण पातळ. जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळलं, तळाला राईएवढे पाच-सहा कण. फिल्टर कापून उघडला, त्याच्या घड्यांत मात्र बराच गाळ. क्रँक पुलीच्या मागे कोरडं. लेव्हल पाइपवर इंजिनाच्या बाजूला पाणी तेवढंच, एक सेंटिमीटर वर.

पुढचं ऑइलही दोन हजारांवरच सोडेन. दिवाळीआधी टपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडणार. त्याच्या आतल्या पत्र्याच्या जाळीत साका असेलच, आणि गॅस्केट आणून ठेवलंय.