आमची वाटचाल: रबाळ्यातील शेडपासून वणीच्या ओबी ढिगांपर्यंत

नवी मुंबईतील रबाळे औद्योगिक वसाहतीत आमचा उद्योग सुरू झाला तो जिवाणू खतांच्या उत्पादनाने. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू तयार करून आम्ही ते ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील रोपवाटिकांना व शेतकऱ्यांना पुरवत होतो. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसरातील एका ठेकेदाराने विचारणा केली की, कोळशाच्या खुल्या खाणीतील ढिगांवर लावलेली रोपे उन्हाळ्यात टिकत नाहीत, त्यांच्या मुळांना देण्यासारखे आपल्याकडे काही आहे का. आमच्या कामाची दिशा त्या विचारणेने बदलली.

खाणीत ज्याला ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात, तो कोळशावरचा थर काढून रचलेला ढीग असतो. खोलवरचे वालुकाश्म आणि शेलचे तुकडे त्यात वर येतात. अशा ढिगात सेंद्रिय कर्ब आणि नत्र नगण्य असतात. अवजड डंपरच्या वर्दळीने माथा दबून गेलेला असल्यामुळे पाणी मुरत नाही आणि उतारावर घळी पडतात. पायराइटयुक्त खडक असेल, तर हवा आणि पाणी लागून आम्ल तयार होते. म्हणून सामू, म्हणजे आम्लतेचे प्रमाण (पीएच), तपासल्याशिवाय आम्ही कोणत्याही ढिगासाठी दर सांगत नाही.

नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातील पद्मापूर खाणीच्या ढिगावर सेंद्रिय खत, जिवाणू आणि मायकोरायझा एकत्र वापरून केलेले काम आम्हाला मार्गदर्शक ठरले. मायकोरायझा ही मुळांच्या आधाराने राहणारी बुरशी आपल्या बारीक तंतूंनी मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद झाडाला आणून देते. ती जिवंत मुळांवरच वाढते, त्यामुळे रबाळ्याच्या शेडमध्ये आम्ही कुंड्यांतून मका लावतो आणि पुढे त्याची मुळे मातीसकट वाळवून, बारीक करून पिशव्यांत भरतो. रायझोबियम मात्र लिग्नाइटच्या भुकटीत मिसळून पाठवले जाते. लिग्नाइट हाही कोळशाचाच एक प्रकार, आणि ढिगावर जीव रुजवण्याच्या कामी तोच यावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

कंपोस्ट इथून न्यायचे नाही, हे मात्र आम्ही सुरुवातीलाच ठरवले. वाशीच्या बाजार समितीतील भाजीपाल्याच्या कचऱ्यापासून खत करणे सोपे होते, पण त्याचे ट्रकभाडे खतापेक्षा महाग पडले असते. वणीकडच्या गावांतील शेण आणि कापसाच्या पऱ्हाट्यांपासून तिथेच खत तयार होते. इथून जातात ती केवळ जिवाणू खते आणि मायकोरायझा. उन्हात तापल्यास जिवाणू मरतात, म्हणून माल रात्री निघतो. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने हा प्रवास बराच सुकर झाला आहे.

झाडांच्या संख्येवर बेतलेल्या कामांनी आम्हाला सर्वाधिक त्रास दिला. आमचा आग्रह असतो की आधी ताग, स्टायलो हे चाऱ्याचे द्विदल पीक आणि मारवेल गवत यांनी ढीग झाकला जावा, त्यांचा पाला कुजावा, आणि नंतर शिरीष, करंज, खैर, बांबू यावेत. एका कामात केवळ रोपे मोजून देयक मिळणार होते आणि गवताला दर नव्हता. ते काम आम्ही सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची आणि ती चाऱ्यासाठी योग्य करण्याची अट घालण्याचे निर्देश दिले, तेव्हापासून गवताचा मुद्दा मांडताना आमच्या बोलण्याला आधार मिळाला.

पावसाळ्यात तागाचे रोप अलगद उपटून त्याच्या मुळांवरची रायझोबियमची गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर हवेतील नत्र घेण्याचे काम चालू आहे असे समजावे. ती हिरवट किंवा तपकिरी असेल, तर काम थांबलेले असते. गावातील महिला बचत गटांच्या सदस्या ही तपासणी आता स्वतः करतात आणि कोणत्या टप्प्यावर जिवाणू खत पुन्हा द्यावे हे आम्हाला फोनवरून सांगतात.

सध्या आमचे लक्ष खाण सुरू करताना वेगळ्या काढून ठेवलेल्या काळ्या मातीकडे आहे. ती वर्षानुवर्षे उंच रचून ठेवली की आत हवा पोहोचत नाही, बुरशी आणि बियाणे मरते, आणि ढिगावर पसरण्याची वेळ येते तेव्हा तिच्यात फारसा जीव उरलेला नसतो. साठा बसका ठेवावा आणि त्यावर पहिल्याच पावसात द्विदल पिके पेरावीत, अशी सूचना आम्ही प्रत्येक प्रस्तावात देतो. एका खाणीच्या व्यवस्थापनाने ती मान्य केली असून त्या साठ्यासाठीचे रायझोबियम सध्या रबाळ्यात तयार होत आहे.